पन्नाशीनंतर समाजसेवा करायची, ही कल्पना आली कुठून?

पन्नाशी उलटली की कोणीतरी हमखास म्हणतंच, आता जरा समाजासाठी काहीतरी करा. हे इतकं सहज म्हटलं जातं की वाटावं, आजी-आजोबांच्या काळापासून असंच चालत आलंय. पण वय झालेल्या माणसांनी ठरवून, एखाद्या संस्थेत नाव नोंदवून, आठवड्याचे अमुक तास काम करायचं, हा प्रकार जेमतेम साठ-पासष्ट वर्षांचा आहे. आणि गंमत म्हणजे तो सुरू करणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतःच नोकरीतून बाहेर पडलेले, किंवा सरळ सांगायचं तर बाहेर काढलेले होते.

सुरुवात पेन्शनपासून करावी लागते, कारण म्हातारपणाला मोकळा वेळ चिकटला तोच मुळी पेन्शनमुळे. त्याआधी हातपाय चालतायत तोवर माणूस राबायचा, नंतर पोरांच्या आधाराने किंवा देवाच्या भरवशावर. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८९ मध्ये म्हातारपणाच्या विम्याचा कायदा झाला. आता इथे एक गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते की बिस्मार्कने मुद्दाम ६५ वय ठरवलं कारण तोवर माणसं मरूनच जायची. तर तसं नाहीये. मूळ कायद्यात वय होतं ७०. ते ६५ वर आणलं १९१६ मध्ये, तेव्हा बिस्मार्कला जाऊन १८ वर्षं झाली होती. बाकी कायदा झाला तेव्हा स्वतः बिस्मार्क ७४ चा होता आणि चॅन्सेलर म्हणून कामावर होता, रिटायर वगैरे काही नाही. ब्रिटनने १९०८ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला ५ शिलिंग मिळायला लागले. अमेरिकेचा सोशल सिक्युरिटीचा कायदा १९३५ चा, वय ६५.

या सगळ्या कायद्यांमागे पैशाचा हिशोब होता, वेळेचा नव्हता. माणूस काम थांबवेल, थोडी वर्षं आराम करेल आणि जाईल, इतकाच विचार. पुढे औषधं सुधारली, आयुष्य वाढलं आणि ती 'थोडी वर्षं' पंधरा-वीस झाली. तेवढा वेळ खायला उठतो हो. त्याचं काय करायचं याचं उत्तर कोणत्याच कायद्यात नव्हतं.

मधे युद्धाचा एक टप्पा आहे, तो लोक बऱ्याचदा विसरतात. १९३८ मध्ये ब्रिटनमध्ये स्टेला रीडिंग यांनी विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिस नावाची संघटना उभी केली, मूळ उद्देश हवाई हल्ल्यांची तयारी. ही काही वयस्कर बायकांसाठी काढलेली संघटना नव्हती, पण तरुण मुली कारखान्यांत आणि सैन्याच्या कामात गेल्या, मग उरल्या त्या घर सांभाळणाऱ्या, पोरं मोठी झालेल्या बाया. शहरातून खेड्यांत पाठवलेल्या मुलांची सोय, कपडे गोळा करणं, बॉम्ब पडलेल्या गल्लीत चहाची गाडी उभी करणं, सगळं याच बघायच्या. युद्धाच्या काळात संख्या दहा लाखांच्या घरात गेली होती. युद्ध संपलं तरी संघटना बंद झाली नाही, तिने घरात अडकलेल्या म्हाताऱ्यांना जेवण पोचवायचं काम धरलं. आणि मग हळूहळू असं झालं की डबा देणारी आणि डबा घेणारी दोघी साधारण एकाच वयाच्या! मला या सगळ्या इतिहासात हे चित्र फार आवडतं, दारात उभ्या दोन बाया, एकीच्या हातात डबा, दुसरीचे गुडघे गेलेले, एवढाच काय तो फरक.

आता अमेरिकेत येऊ, कारण पुढचा बराचसा मसाला तिथलाच आहे. एथेल पर्सी अँड्रस या लॉस एंजेलिसच्या लिंकन हायस्कूलच्या प्रिन्सिपल, कॅलिफोर्नियात हायस्कूलची प्रिन्सिपल झालेली पहिली बाई. १९४४ मध्ये आईच्या आजारपणासाठी त्यांनी नोकरी सोडली. नंतर रिटायर शिक्षकांची विचारपूस करत फिरताना त्यांना एक जुनी शिक्षिका सापडली, ती कुठे राहत होती तर कोंबड्यांच्या खुराड्यात. हा किस्सा त्यांच्या संस्थेत आजही सांगतात. १९४७ मध्ये त्यांनी रिटायर शिक्षकांची राष्ट्रीय संघटना काढली. पहिली लढाई आरोग्य विम्याची, कारण पासष्टीच्या पुढच्यांना विमा द्यायला कंपन्या तयारच नव्हत्या, एकामागून एक नकार. १९५८ मध्ये शिक्षक नसलेल्यांनाही दार उघडलं, तीच आजची एएआरपी. तिचं ब्रीदवाक्य होतं, आम्ही सेवा करायला आलोय, करून घ्यायला नाही. विमा मिळवून देणारी संघटना आणि ब्रीदवाक्य हे, म्हणजे जरा विसंगतच वाटतं. पण अँड्रसबाईंना दोन्ही पाहिजे होतं, हक्क पण आणि काम पण, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं त्यांना कधी वाटलंच नाही.

खरी गडबड सुरू झाली १९६४-६५ मध्ये. प्रेसिडेंट जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध जाहीर केलेलं, पैसे होते, नवनवीन कल्पना मागवल्या जात होत्या. १९६४ मध्ये स्कोर सुरू झालं, म्हणजे रिटायर मॅनेजर आणि धंदेवाईक लोकांनी छोट्या दुकानदारांना फुकट सल्ला द्यायचा. आणि १९६५ मध्ये आला फॉस्टर ग्रँडपेरेंट्स हा कार्यक्रम. याची रचना बघण्यासारखी आहे. साठीच्या पुढचे, कमी उत्पन्न असलेले आजी-आजोबा घ्यायचे आणि त्यांना अनाथाश्रमात, मुलांच्या हॉस्पिटलात, मतिमंद मुलांच्या संस्थेत पाठवायचं. साधारण दिवसाला ४ तास, २ मुलं, प्रत्येकाला २ तास, आठवड्याचे ५ दिवस. काम काय, तर मांडीवर घ्यायचं, भरवायचं, बोलायचं, हात धरून चालवायचं. नर्स करणार नाही असं सगळं, कारण नर्सच्या वाट्याला वीस-पंचवीस मुलं असायची आणि या आजीच्या वाट्याला फक्त दोन.

त्यांना थोडा भत्ता मिळायचा, पगार नाही. आता कुणी म्हणेल मग ही समाजसेवा कसली, पैसे घेतले की! हा वाद तेव्हापासून आजपर्यंत मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर ज्याच्याकडे बसच्या तिकिटाला पैसे नाहीत त्याला सेवेची संधी मिळते कुठे? फुकट काम करणं ही सुद्धा एक चैनच आहे, ती खाऊनपिऊन सुखी माणसाला परवडते. त्या कार्यक्रमाने हे ओळखलं होतं, आणि भत्ता धरून गरीब म्हाताऱ्यांच्या सरकारी मदतीत कपात होऊ नये अशी तरतूद पण केली.

बरं, पण ज्यांना भत्त्याची गरज नव्हती त्यांचं काय? ते प्रकरण सुरू होतं न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर, १९६६ च्या सुमारास. कम्युनिटी सर्व्हिस सोसायटी नावाच्या संस्थेने सर्व्ह नावाचा प्रयोग केला. त्यांनी पहिल्या काही माणसांना पाठवलं विलोब्रूक नावाच्या सरकारी संस्थेत. हे विलोब्रूक म्हणजे मतिमंद मुलांची संस्था, जागा चार हजारांची आणि आत भरलेली सहा हजार मुलं. १९६५ मध्ये न्यूयॉर्कचे सिनेटर रॉबर्ट केनेडी तिथे अचानक जाऊन आले आणि बाहेर येऊन त्यांनी त्या जागेला सापांच्या खड्ड्याची उपमा दिली. अशा ठिकाणी रिटायर माणसांना पाठवायचं म्हणजे धाडसच. सोपं काम द्यावं, पाकिटं चिकटवावीत, असा विचार त्यांनी केला नाही.

त्या प्रयोगातून निघालेला धडा मात्र अगदी साधा होता आणि माझ्या मते आजही तोच सगळ्यात जास्त विसरला जातो. वयस्कर माणूस नुसती जाहिरात वाचून एकटा कुठे येत नाही. गटाने न्या, जायची-यायची सोय करा, नेमकं काम सांगा, दरवेळी तेच चार चेहरे भेटू द्या, मग येतो आणि वर्षानुवर्षं येतो. गाडी आणि सोबत, बास. कित्येक संस्था आजही भावनिक आवाहनाची मोठमोठी पोस्टरं लावतात आणि दोन जिने चढून वर या म्हणतात.

याच प्रयोगाच्या जोरावर १९६९ मध्ये अमेरिकेच्या कायद्यात आरएसव्हीपीची, म्हणजे रिटायर आणि सीनियर व्हॉलंटियर कार्यक्रमाची तरतूद झाली आणि १९७१ मध्ये प्रत्यक्ष काम सुरू झालं. भत्ता नाही, पण प्रवासखर्च, कामावर असताना अपघाताचा विमा, असं धरून. पुढे हाच तिथला सगळ्यात मोठा ज्येष्ठांचा कार्यक्रम झाला, सहभागी माणसं लाखांत.

याच काळातली एक गोष्ट आपल्या अगदी जवळची आहे. लिलियन कार्टर नावाची जॉर्जियातली विधवा नर्स, वय ६८. टीव्हीवर पीस कोअरची जाहिरात लागली, त्यात म्हटलेलं की वयाची अट नाही. पीस कोअर म्हणजे प्रेसिडेंट जॉन केनेडींनी १९६१ मध्ये सुरू केलेली, अमेरिकन स्वयंसेवकांना परदेशात पाठवणारी सरकारी संस्था, आणि सगळ्यांच्या डोळ्यासमोर कॉलेजातली पोरं. बाईंनी अर्ज केला आणि १९६६ मध्ये त्या येऊन पोचल्या कुठे तर मुंबईत, विक्रोळीला! गोदरेजच्या कॉलनीत आधी कुटुंबनियोजनाचं काम आणि नंतर तिथल्याच दवाखान्यात नर्सिंग, जवळजवळ पावणेदोन वर्षं. तेव्हा त्यांचा मुलगा राज्याच्या राजकारणात धडपडत होता, पुढे अकरा वर्षांनी तो प्रेसिडेंट झाला. मुलगा मोठा झाल्यावर आईचं कौतुक झालं हे खरं, पण अर्ज भरला तेव्हा ती फक्त एक अडुसष्ट वर्षांची बाई होती जिला घरात बसायचं नव्हतं.

आणि तो मुलगा, जिमी कार्टर, स्वतः निवडणूक हरून घरी बसल्यावर १९८४ पासून हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेबरोबर गरिबांसाठी घरं बांधायला लागला, तेव्हा तो साठीला टेकलेला. पुढची पस्तीस वर्षं दरवर्षी जायचा. २०१९ मध्ये ९५ व्या वर्षी घरात पडला, भुवईवर १४ टाके पडले, आणि त्याच आठवड्यात काळानिळा डोळा घेऊन नॅशव्हिलला कामाच्या जागी हजर. (त्याचा वाढदिवस १ ऑक्टोबर, आणि युनोने ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून नेमकी तीच तारीख धरलीय, १९९१ पासून पाळतात. योगायोगच, पण लक्षात ठेवायला सोपं.)

इथवर वाचून वाटेल की सगळे खुश होते. तसं काही नाही. १९७० मध्ये मॅगी कून या बाईंना ६५ वय झालं म्हणून चर्चच्या नोकरीतून सक्तीने रिटायर केलं. निरोपाला भेट काय दिली, तर शिवणयंत्र. ते त्यांनी कधी उघडलंच नाही. आपल्यासारख्याच घरी बसवलेल्या मैत्रिणींना जमवून त्यांनी जे उभं केलं त्याला पुढे टीव्हीवाल्यांच्या तोंडून ग्रे पँथर्स हे नाव पडलं. ज्येष्ठांसाठी काढलेल्या करमणुकीच्या क्लबांवर त्या सडकून टीका करायच्या, मोठ्या माणसांना लहान बाळासारखं खेळत ठेवायची ती जागा आहे असं त्यांचं म्हणणं. त्यांची बाजू अशी की मला वेळ घालवायला काम नकोय, व्यवस्था बदलायला पाहिजे. थोडं आधी, १९६९ मध्ये, रॉबर्ट बटलर या डॉक्टरांनी वयावरून होणाऱ्या भेदभावाला एजिझम हा शब्द दिला होता, तो या चळवळीच्या फार कामाला आला. अमेरिकेत सक्तीच्या रिटायरमेंटचं वय १९७८ मध्ये ६५ वरून ७० केलं आणि १९८६ मध्ये बहुतेक नोकऱ्यांतून ती अटच काढून टाकली.

कूनबाईंचा राग मला पटतो. माझ्या ओळखीचे एक इंजिनिअर आहेत, चाळीस वर्षं पूल बांधण्यात घालवली. रिटायर झाल्यावर मोठ्या उत्साहाने एका संस्थेत गेले तर तिथे त्यांना देणगीच्या पाकिटांवर लेबलं चिकटवायला बसवलं. तीन आठवडे चिकटवली बिचाऱ्यांनी, चौथ्या आठवड्यात गेले नाहीत, आणि गंमत म्हणजे न आल्याचा एक फोनसुद्धा आला नाही.

युरोपात गाडी जरा वेगळ्या रुळावरून गेली. १९७३ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला प्रोफेसर पिएर वेला यांनी तिसऱ्या वयाचं विद्यापीठ काढलं. पहिलं वय शिकण्याचं, दुसरं कमावण्याचं, आणि तिसरं हे. ते खऱ्या विद्यापीठाशी जोडलेलं होतं, प्राध्यापक शिकवणार आणि ज्येष्ठ ऐकणार. १९८१ मध्ये केंब्रिजला पीटर लॅस्लेट, मायकल यंग आणि एरिक मिडविंटर यांनी कल्पना उचलली पण उलटी करून. प्राध्यापक नको, परीक्षा नको, ज्याला जे येतं त्याने ते बाकीच्यांना शिकवायचं. आज याचा विद्यार्थी उद्या त्याचा मास्तर. सगळा कारभार सभासदांनी फुकट चालवायचा. ब्रिटनभर हेच मॉडेल पसरलं. याला समाजसेवा म्हणायचं का शिक्षण, मला सांगता यायचं नाही आणि बहुतेक तेच त्याचं यश आहे. इकडे जर्मनीत १९८३ मध्ये बॉनला सीनियर एक्स्पर्ट सर्व्हिस सुरू झाली, रिटायर इंजिनिअर, बेकरीवाले, डॉक्टर यांना काही आठवड्यांसाठी परदेशात पाठवायचं, मानधन नाही, फक्त खर्च. (आमच्या लेबलवाल्या इंजिनिअरांनी तिथे जन्म घ्यायला पाहिजे होता.)

जपानने तिसराच मार्ग काढला. तोक्योत १९७४-७५ च्या सुमाराला अर्थतज्ज्ञ काझुओ ओकोची यांच्या पुढाकाराने जे सुरू झालं त्याची पुढे सिल्व्हर मनुष्यबळ केंद्रं झाली, १९८६ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. साठीच्या पुढच्यांनी सभासद व्हायचं, आणि केंद्राने वाटून दिलेली आसपासची कामं करायची, बागेची साफसफाई, सायकल स्टँड सांभाळणं, सरकत्या दारांचा कागद बदलणं. पैसे मिळतात पण त्याला पगार म्हणत नाहीत, वाटणी म्हणतात. म्हणजे पूर्ण नोकरी पण नाही आणि पूर्ण सेवा पण नाही. याची दुसरी बाजू अशी की नोकर नसल्यामुळे कामगार कायद्यांचं संरक्षण नाही, शिडीवरून पडला तर भरपाईचा प्रश्न येतोच. ज्येष्ठांची सेवा म्हणता म्हणता ती वेठबिगारी कधी होते, ही शंका सगळ्याच देशांत निघाली, पण जपानात ती सगळ्यात उघडी दिसते.

आता पन्नासच का? पेन्शन तर साठ-पासष्टला मिळते, युनोचा 'ज्येष्ठ' साठचा, फॉस्टर ग्रँडपेरेंट्सची अट पण साठ होती. तर उत्तर बरंचसं १९७० आणि ८० च्या दशकात आहे. कारखाने बंद पडले, कोळसा-पोलादाचे उद्योग आटले, आणि कंपन्यांनी पंचावन्नच्या, बावन्नच्या माणसांना पैसे देऊन घरी बसवलं. फ्रान्सने तर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सगळ्यांचंच रिटायरमेंटचं वय ६५ वरून ६० वर आणलं. म्हणजे पेन्शनचं वय एक आणि प्रत्यक्षात हात रिकामे व्हायचं वय दुसरं. या मधल्या लोकांना ज्येष्ठ म्हटलं तर राग यायचा, आणि तरुण म्हणावं तर नोकरी द्यायला कोणी तयार नाही. ब्रिटनमध्ये १९८८ मध्ये आरएसव्हीपीच्याच नावाची योजना सुरू झाली ती थेट पन्नाशीच्या पुढच्यांसाठी. एएआरपीनेही सभासदत्वाचं वय ५५ वरून ५० केलं, त्यात जाहिरातीचा आणि वर्गणीचा हिशोबही होता हे वेगळं सांगायला नको. फॉस्टर ग्रँडपेरेंट्सची अट २००९ च्या कायद्याने साठवरून पंचावन्नवर आली. त्याच कायद्यात एक गोड तरतूद आहे, ज्येष्ठ स्वयंसेवकाला सेवेबद्दल शिक्षणासाठीची जी रक्कम मिळते ती तो नातवंडाच्या नावावर करू शकतो.

१९९० नंतर भाषा बदलली. आधी म्हणायचे, बिचाऱ्यांना काहीतरी करायला द्या. आता म्हणायला लागले, यांच्याशिवाय चालणार नाही. युनोच्या १९८२ च्या व्हिएन्ना परिषदेत आणि २००२ च्या माद्रिद परिषदेत हा फरक कागदोपत्री दिसतो, व्हिएन्नात मुख्य भर काळजीवर आणि माद्रिदला सहभागावर. पण कागदांपेक्षा जास्त काम केलं ते अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या शाळांनी. तिथे एक्स्पीरियन्स कोअर नावाच्या कार्यक्रमात साठीच्या पुढची माणसं आठवड्याला १५ तास प्राथमिक शाळेत जायची, पोरांना वाचायला शिकवायला. डॉक्टर लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा रीतसर अभ्यास केला, ७०२ जणांना चिठ्ठी टाकावी तसं दोन गटांत वाटलं, एक शाळेत जाणार, दुसरा नाही. त्यातल्या एका छोट्या गटाचे मेंदूचे स्कॅन दोन वर्षं काढले, तर शाळेत जाणाऱ्या पुरुषांमध्ये आठवणीशी संबंधित भाग आक्रसण्याऐवजी किंचित वाढलेला दिसला. गट छोटा होता, तेव्हा लगेच नाचायचं कारण नाही. पण पहिलीच्या पोराला जोडाक्षर शिकवताना डोक्याला जो ताप होतो तो औषधी असू शकतो, ही कल्पना मला तरी आवडली. बघा ना, आठवड्याला १५ तास म्हणजे काही थोडं नाही, सकाळी उठून आवरणं आलं, बस पकडणं आलं, जिने चढणं आलं, तीस पोरांची नावं लक्षात ठेवणं आलं आणि शिवाय आज आला नाहीत तर का आला नाहीत हे विचारणारं कोणीतरी आलं.

मग आलं २०२०. ब्रिटनमध्ये सरकारने अडीच लाख स्वयंसेवक मागितले आणि काही दिवसांत साडेसात लाखांनी नाव दिलं. पण त्याच वेळी सत्तरीच्या पुढच्यांना सांगितलं की जपून राहा, लोकांत मिसळू नका. म्हणजे वर्षानुवर्षं ज्या हातांवर डबे पोचायचे, धर्मादाय दुकानं उघडायची, हॉस्पिटलच्या दारात चौकशीचं टेबल चालायचं, ते हात एका आठवड्यात घरात. कित्येक ठिकाणी तेव्हाच कळलं की आपल्याकडे सगळं कोण करत होतं. त्यातल्या बऱ्याच जणांनी फोन उचलला, रोज ठरलेल्या वेळी एकट्या राहणाऱ्या कोणालातरी फोन करायचा, जेवलात का, औषध घेतलंत का, एवढंच. लॉकडाऊन उठला, दुकानं उघडली, तरी ते फोन काही सगळे बंद पडले नाहीत. ज्यांना दोन जिने चढवत नाहीत त्यांच्यासाठी तर ते खरं आधीच सुरू व्हायला पाहिजे होतं.